गंगूची उजवी पापणी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. आयुष्य औषधांच्या बाटल्यांत गेलं. तरी लिहितो आहे, कारण ऐंशी ओलांडली... आणि यातलं एक खोटं माझं आहे.

महायुद्ध चालू होतं. नागपूरला इतवारीत डोळ्यांच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. पारशिवनीकडची गंगू सासूबरोबर आली. खुपऱ्यांच्या रोगामुळे उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीचे केस आत वळून बुबुळाला टोचत होते. डॉक्टर काटोलला गेलेले. चार दिवसांनी या म्हटलं, तर सासू म्हणाली, "चार दिवस कोन सांभाळीन इले? चुलीपुढं नुसती रडते. पोरगा दुसरी करतो म्हंते."

डॉक्टरांना मी शंभरदा पाहिलं होतं — पापणीची कातडी चिमट्यात धरायची, तिचा बारीक तुकडा कापून काढायचा, टाके घालायचे. केस बाहेर वळतात. मीच केलं. कातडी जास्त कापली गेली. दोन्ही डोळे बांधून तिला बैलगाडीत बसवून दिलं.

दुपारी दार लावलं. एकटाच होतो. कापलेल्या कातडीचा तो तुकडा अंगठ्यावर पसरून पाहिला, काडेपेटीत घातला आणि स्टोव्हवर जाळला.

आठव्या दिवशी दोघी परत आल्या. डॉक्टर जेवायला घरी गेले होते; पट्टी मीच सोडली. डोळा मिटेना. बुबुळ सुकून पांढरं पडलेलं.

"हे काय झालं जी?" सासू ओरडली.

"हिनं घरी पट्टी सोडून डोळा चोळला," मी म्हणालो.

"सांगतलं होतं ना वं तुले!" म्हणत ती गाडीवाल्याला हाक मारायला बाहेर गेली.

गंगू हळूच म्हणाली, "भाऊ, मले काडेपेटीत काहून घातलं?"

मी दाराकडे पाहिलं; सासू अजून बाहेरच होती.

"तुमचा अंगठा केवढा मोठा दिसून राहिला होता... रेघ अन् रेघ. मंग अंधार. मंग जाळ."

"तू तर तेव्हा गाडीत होतीस! डोळे बांधलेले—"

"गाडीतच होती. सासूले खरं सांगून द्या ना जी भाऊ. नाही तं मले घरात नाही घेनार."

सासू आत आली. "रोज दोन थेंब," मी म्हणालो आणि बाटली पुढे केली.

नवऱ्यानं दुसरी केली. गंगू भावाकडे राहिली, तिथंच गेली.

बंद दारामागचं तिला कसं दिसलं, मला आजही सांगता येत नाही. पण पट्टी तिनं सोडली नव्हती. डोळा चोळलाही नव्हता. तिच्या माहेरचं कुणी हे वाचत असेल, तर एवढं घरात मोठ्यानं वाचा.