ढिल्या दोराचा आळ

साक्रीकडच्या आमच्या गावात पावसाच्या भरवशावरच्या शेतीत चार तोंडं भागत नव्हती. म्हणून आई-आबा आम्हा दोघा भावंडांना घेऊन यावलला केळीच्या बागांत मजुरीला आले. आबा घड कापायचे, मोठा भाऊ ते वाहून ट्रकमध्ये रचायचा. खाली केळीची वाळकी पानं, वर घड आणि दोर जरा ढिलाच. आवळला तर घड काळा पडतो, हे आबांनीच त्याला शिकवलेलं.

बारावी करून भाऊ हवाई दलात लागला. मालवाहू विमानात सामान चढवून बांधायचं, हे त्याचं काम. युद्ध नव्हतं, काही नव्हतं. एका सकाळी विमान धावपट्टी सोडून जेमतेम वर गेलं आणि पलीकडच्या शेतात कोसळलं. भाऊ गेला.

चौकशी सुरूही झाली नव्हती, तोवर इकडच्या एका पेपरात छापून आलं: सामान नीट बांधलेलं नव्हतं, ते मागे सरकलं आणि विमानाचा तोल गेला. कोणी सांगितलं? तर म्हणे, सूत्रांनी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही गावी गेलो. त्या दिवशी वारलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. भावाची भरली. भाऊबंद जेवायला बसले, मी रस वाढत होते. आबांचे चुलतभाऊ, नाना, बोटं चाटत म्हणाले, "केळीना घड लादनारा पोऱ्या, त्याले इमाननं काय समजी? दोर ढिला बांधा व्हई."

दोघं-तिघं हसले. मी पातेलं आपटलं. "नाना, तुम्ही तठे व्हतात का?"

"तू चूप बस, माय," आबाच म्हणाले.

मला वाटलं, भाऊबंदांना घाबरले. मी संतापून मागच्या दारी गेले, तर आबा मागोमाग आले. म्हणाले, "ढिला दोर बांधाले मीच शिकाडं ना त्याले."

पोरगा गेलेल्या बापाला पेपरातल्या दोन ओळींनी खुनी करून ठेवलं होतं! मी तेव्हा फैजपूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, कॉलेजात गेलेली घरातली पहिलीच. माहितीच्या अधिकारात अर्ज केला. नकार आला. अपील केलं, पुन्हा नकार. पुन्हा अपील. शेवटी चौकशीच्या निष्कर्षाची दोन इंग्रजी पानं आली. विमान वर जातानाच एका इंजिनाची ताकद गेली होती. सामानाचे पट्टे अपघातानंतरही घट्ट आवळलेले सापडले होते.

आबांना मी ते तीनदा वाचून सांगितलं.

"पट्टा? दोर नही?"

"दोर नही, आबा. आनि घट्ट व्हतात."

त्यांनी उपरण्यात तोंड घातलं आणि कितीतरी वेळ काढलं नाही.

ती पानं घेऊन मी त्या पेपरच्या कचेरीत गेले. तिथला संपादक म्हणाला, "जुनी बातमी आहे ताई, सोडून द्या."

"माझा भाऊ जुना झाला का?" म्हटलं, आणि तिथेच खुर्ची ओढून बसले. आतल्या पानावर का होईना, चार ओळींची दुरुस्ती छापून घेतली.

मग गावच्या ग्रामसभेत ती दोन पानं आमच्या बोलीत मोठ्याने वाचली. नाना पुढेच बसले होते. खाली बघत म्हणाले, "मनं चुकनं, माय."

"असं तोंडी नको," मी म्हटलं, "लिही घ्या."

ग्रामसेवकांनी लिहिलं, सरपंचांनी सही केली. अपघातात माझ्या भावाचा कोणताही दोष नव्हता, अशी नोंद आमच्या ग्रामपंचायतीच्या दप्तरी आहे.