विहिरीजवळची केळ

माझ्या लग्नाआधी माझं एक लग्न झालं होतं. दापोऱ्याला, आमच्या शेतातल्या विहिरीजवळच्या केळीच्या झाडाशी. (ते झाड नव्हे, अवाढव्य रोप, पण लग्नघरात कोण ऐकतं!) पत्रिकेत कडक मंगळ, पहिला नवरा जगायचा नाही म्हणे, म्हणून पहिला नवरा केळ. अक्षता पडल्या आणि वडिलांनी कोयत्याच्या एका घावात तिला आडवं केलं. दोष गेला. मी नुकतीच बीएस्सी झालेली, हसू दाबत उभी होते.

एक घोटाळा मात्र झाला. वडिलांचा हात केळीच्या बागेत मुरलेला. घड उतरल्यावर तोडतात तसंच त्यांनी खोड तोडलं, शेजारी बुंध्यातून फुटलेला कोंब, म्हणजे पील, राखून. त्या पिलावरच पुढचं पीक येतं. मुळासकट उपटायचं कोणाला सुचलंच नाही.

आता मी बुऱ्हानपुरात शाळेत जीवशास्त्र शिकवते. ज्या जिवांची आपसात पैदास होते आणि ज्यांच्या पिल्लांनाही पिल्लं होतात, ती एक जाती. मुलं हे धडाधड पाठ करतात. मग मी विचारते, "आणि आपली केळ?" तिला रुजणारं बीच नाही, ती या व्याख्येत बसणार कशी? पील तिचं मूल नसतं. तीच केळ पुन्हा उगवलेली असते. हे सांगताना दरवर्षी माझ्या अंगावर काटा येतो.

गेल्या उन्हाळ्यात ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आईचा फोन आला.

"ते केळ आखीन जित्तं आहे. जावईबापूंना काही व्हायच्या आधी उपटून टाक."

मी तिच्यावर भडकले. शिकल्यासवरल्या बाईला काय सांगतेस म्हणाले. फोन ठेवला आणि रडले, कारण तिचं मंगळाचं मी उडवून लावू शकत होते, पण ती केळ जिवंत आहे हे तर मीच फळ्यावर लिहीत आले होते.

दुपारी दापोऱ्याला पोचले आणि कुदळ घेऊन शेतात गेले. लाज गुंडाळून ठेवली होती, नुसती भीती होती. विहिरीजवळची जागा रिकामी. बांधावर वडील बसले होते.

"बाबा, ती लग्नाची केळ?"

"ते तर एकदम शुभ निघालं ना, पोरी! त्याचीच पिलं काढून काढून लावली मी. इथून तर नाल्यापर्यंत सारं तेच आहे. बहादरपूरवालेबी घेऊन गेले."

ते कौतुकाने हात फिरवून दाखवत होते. वारा नव्हता, एक पान हलत नव्हतं. मी कुदळ विहिरीच्या कठड्याला टेकवली आणि परत आले.

ऑपरेशन नीट झालं. हे घरी आले, हिंडू-फिरू लागले. रोज सकाळी गोळ्यांच्या आधी एक केळं खातात, वडिलांनी पाठवलेलं.

"अर्धं घे ना," म्हणतात.

मी नको म्हणते, आणि त्यांचा शेवटचा घास उतरेपर्यंत समोरून हलत नाही.