रिकाम्या प्लेटचा आलेख

आमच्या अमरावतीच्या कॉलेजात क्ष-किरणांचं मशीन आलं तेव्हा सरांनी त्याच्यासमोर नारळ फोडला. सर म्हणजे माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. मार्गदर्शक हा शब्द मी निव्वळ सवयीनं लिहिते. त्यांनी कधी मार्ग दाखवल्याचं मला आठवत नाही. अंजनगावच्या घरच्या पानमळ्यावर ते तासभर बोलत आणि स्फटिकांबद्दल काही विचारलं की म्हणत, "नेटवर पाह्य ना."

मशीन मात्र देखणं होतं. पदार्थाच्या भुकटीवर क्ष-किरण पडतात. भुकटीच्या कणाकणात अणूंचे थर असतात, आणि ठरावीक कोनातच ते किरण त्या थरांवरून एकजुटीनं बाहेर पडतात. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे जाताना एसटीच्या खिडकीतून कपाशीकडे बघा. सगळी हिरवी गिचमिड असते, आणि बस एका जागी आली की एकदम ओळी उघडतात, पार पलीकडच्या धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत दिसतं. तसंच हे. ओळी कोणत्या कोनात उघडल्या ते कळलं की थरांमधलं अंतर काढता येतं, आणि ते प्रत्येक पदार्थाचं वेगळं असतं. संगणकाच्या आलेखावर त्या कोनाशी एक सुळका उभा राहतो. हे मला पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा आनंदानं डोळे भरून आले होते. सरांना ते कधी समजलं का, याची मला आजही शंका आहे.

खंडेनवमीला सरांनी मशीनला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. आमचं घर बौद्ध, आमच्याकडे हे नसतं. पण दुसऱ्यानं केलं म्हणून माझं काय जातं? मी बाजूला उभी राहून पेढा खाल्ला. मग सरांची नजर ट्रेमधल्या काचेच्या प्लेटांवर गेली. या प्लेटांच्या मधोमध भुकटी भरायला उथळ खळगा असतो. सरांनी कुंकू पाण्यात कालवलं आणि नेमकं त्या खळग्यात, एकही प्लेट न सोडता, बोट टेकवलं. त्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला आणि सगळ्यांना बजावलं, "पूजेचं पुसाचं नाई."

विभागात सरांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. काम झालं की कोरड्या ब्रशनं प्लेट वरवर झटकायची, एवढीच सफाई उरली. त्यात नमुने भाजायची आमची भट्टी लहान, भुकटी निघे चिमूटभर. तिच्या पातळ थरातून किरण सरळ खालच्या कुंकवापर्यंत पोचत.

दिवाळीनंतर मी माझा नमुना लावला: जस्ताचं ऑक्साइड, त्यात थोडं तांबं. सगळे सुळके जागच्या जागी आले, आणि एकोणतीस अंशांच्या जरा पुढं एक आगंतुक. हा कुणाचा, ते संगणकातल्या माहीत असलेल्या पदार्थांच्या साठ्यात, मूलद्रव्यांवर खूण करून, शोधायचं असतं. सरांनी शोधताना जस्त, तांबं आणि ऑक्सिजन एवढ्यांवरच खूण केली. अर्थात काही जुळलं नाही. "नवा फेज!" सर खुर्चीतून उठलेच. फेज म्हणजे पदार्थाची वेगळी स्फटिकरचना. जगात कुणालाच न सापडलेली ही रचना सापडली कुठं, तर झेंडूच्या वाळलेल्या हाराखाली. उथळ पाण्याला खळखळाट फार, तो त्या दिवशी पार दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी मी रिकामी प्लेट लावली. सुळका होता. प्लेट घासून लावली. सुळका गेला. मग पूजेच्या डबीतलंच चिमूटभर कुंकू लावलं, आणि तो पुन्हा ताठ उभा राहिला. शोधताना कॅल्शियमवर खूण केल्याबरोबर संगणकानं नाव सांगितलं: कॅल्साइट. म्हणजे चुनखडी, फळ्यावरचा खडू. ते स्वस्तातलं कुंकू नुसता रंगवलेला खडू होता.

मी आलेख घेऊन सरांकडे गेले. "सर, रिकाम्या प्लेटलेही तोच सुळका येऊन राहिला. कुंकू आहे ते."

सरांनी आलेखाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "तुमाले पूजेचं वावडं आहे, मले मालूम आहे," ते म्हणाले. "पन विज्ञानात धर्म नोको आनू."

ज्या बोटानं कुंकू टेकवलं तेच बोट माझ्यासमोर नाचवत ते हे बोलत होते. एरवी मला ते 'तू' म्हणत. त्या 'तुमाले'त माझं अख्खं घर आलं होतं, हे मला कळलं आणि त्यांनाही. मी आलेखाची घडी घालून तो पिशवीत ठेवला. नव्या फेजचं प्रकरण घातल्याशिवाय प्रबंधावर सही मिळणार नाही, असंही त्यांनी सांगून टाकलं. घरी बाबांनी दारावरची पाटी नवी करून घेतली होती आणि माझ्या नावाच्या अलीकडे 'डॉ.'पुरती जागा कोरी ठेवली होती. येताजाता ती जागा दिसायची.

हिवाळ्यात अकोल्याच्या एका कॉलेजात चर्चासत्र होतं. सरांनी तिथं नवा फेज पडद्यावर झळकवला. पहिल्या रांगेतले तिथले विभागप्रमुख ताडकन उठले. "अरे, हा तर आमच्या इथंही निघून राहिला!"

टाळ्यांचा कडकडाट. दोन जिल्हे, दोन मशीनं आणि एकच शोध! सरांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की बघ, जिरली ना तुझी. मी हात वर केला आणि विभागप्रमुखांना विचारलं, "सर, तुमच्या मशीनची पूजा केव्हा होते?"

"दर गुरुवारी," ते अभिमानानं म्हणाले. "मी सोता करतो. प्लेटाईले बी कुंकू लावतो."

सभागृह भरून भौतिकशास्त्राचे प्राध्यापक बसले होते. मी वाट पाहिली. कुणीतरी हसेल, निदान एखादी भुवई तरी वर जाईल. मागून कुणी म्हणालं, "श्रद्धा पायजे बुवा मानसाले," आणि सगळे जेवायला उठले. रोडगे आणि वांग्याची भाजी होती. मीही पोटभर जेवले. अशा लोकांपायी उपाशी कशाला राहायचं?

परतताना गाडी मूर्तिजापूरला चहाला थांबली. तिथं मी सरांना म्हटलं, "सर, हा शोध तुमचा अन् अकोल्याच्या सरांचा. त्यात माझं नाव कायले? तुमीच छापा. मी प्रबंधात ते प्रकरण घेत नाही."

सरांचा चेहरा असा उजळला की जणू वाटणीतला एक भाऊ कमी झाला. "समजदार आहेस," ते म्हणाले. त्यांना वाटलं, मी नमले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी, सगळं तपासून योग्य असल्याचं प्रमाणित करत, प्रबंधाच्या पहिल्या पानावर सही ठोकली. आतलं एकही पान उलटलं नाही.

त्यांचा शोधनिबंध छापून आला. शेवटी माझे आभार आहेत, नमुने मन लावून तयार केल्याबद्दल. बाबांच्या पाटीवरची जागाही भरली. माझ्या प्रबंधाच्या परिशिष्टात रिकाम्या प्लेटचा आलेख आहे, आणि एकोणतीस अंशांपुढच्या सुळक्याखाली मी लिहिलं आहे: 'कुंकू. मार्गदर्शकांनी स्वहस्ते लावलेले.' खरं की खोटं ते पहिल्या पानावर बघा, त्यांचीच सही आहे.