एका दिवसात तीन द्वारका

मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलते आणि माझी नात केतकी टाइप करते. हा ब्लॉग तिचाच. एरवी ती इथं गड आणि धबधबे लिहिते. मी ‘न्हाई’ म्हटलं की ती ‘नाही’ लिहिते. लिहू दे, शिकलेली आहे. फक्त बायका जशा बोलल्या तशाच ठेव, एवढं मी तिला बजावलंय.

पाचव्या महिन्यात केतकी चार दिवस माहेरी, म्हणजे आमच्या कसबा बावड्याच्या घरी आली. तिनं आणि नवऱ्यानं मोबाइलमध्ये बाळाच्या नावांची यादी करून ठेवलेली. मुलग्याची वेगळी, मुलीची वेगळी. मुलीची नावं तिनं मला वाचून दाखवली. मी म्हटलं, “ही नावं हायत का मांजरीला बोलवायचे आवाज?”

“मग तू सांग की.”

“द्वारका ठेव.”

ती इतकी हसली की चहा नाकात गेला. “आज्जी, द्वारका? शाळेत पोरं तिला जगू द्यायची नाहीत!”

वाचणाऱ्यांना आत्ताच सांगून टाकते, केतकीला तेव्हा सांगितलं नव्हतं: द्वारका हे माझं नाव. आईनं ठेवलेलं. पंधराव्या वर्षी लग्न झालं आणि सासरी तांदळाचं ताट पुढं आलं. मालकांनी त्यात अंगठीनं काहीतरी गिरवलं. आमच्यात सुनेचं नवं नाव असं तांदळात लिहितात. मला वाटलं, रांगोळी काढली. “छान काढलीय,” असंही मी म्हटलं, आणि बायका हसल्या. दुसऱ्या दिवशी सासूबाई ओरडत होत्या, “सुशीले, पाणी आण.” तीनदा ओरडल्या. ही सुशीला कोण इतकी आळशी, म्हणून मी मागं वळून बघितलं. त्याच ताटातल्या तांदळाचा भात मीच रांधला होता, मीच वाढला होता.

तेव्हापासून मी सुशीला. रेशनकार्डात सुशीला, आधारात सुशीला. द्वारका म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, माझी थोरली बहीण. निपाणीकडं दिलेली. घरातले सगळे कामाला गेले की दुपारी तिचा फोन यायचा. मोबाइलवर तिचा फोटो लावून दिला होता, तो दिसला की मी हिरवं बटण दाबायची. “द्वारके, जेवलीस काय?” एवढंच विचारायची. केतकी यायच्या आदल्या श्रावणात ती गेली. आता जगात माझं नाव माहीत असलेली मी एकटी. माझ्याबरोबर तेही जाणार, हे मनाला लागून राहिलं होतं. पोटात पोरगी असली आणि तिला ते मिळालं तर राहील, असा माझा डाव होता.

पण रडून मागायची सवय नाही. म्हणून पैज लावली. “तीन द्वारका दाखवतो तुला. तिघींना बघूनसुद्धा हसू आलं, तर तुझ्या यादीतलं मांजर ठेव.”

तीन द्वारका मला कशा माहीत? इतर बायका भांडी जमवतात. मी आयुष्यभर द्वारका जमवल्या. लग्नात, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत कुणी हे नाव घेतलं की माझे कान टवकारायचे. कुठली, काय करते, सगळं विचारून घ्यायची.

केतकीच्या आईनं, म्हणजे माझ्या सुनेनं, डोळे वटारले. डॉक्टरीणबाईंनी फोनवर परवानगी दिली, तेव्हा कुठं गाडीची किल्ली मिळाली. साडेसातला निघालो. तुम्ही उसाच्या दिवसांत बावड्यातून निघणार असाल तर याहून उशीर करू नका. कारखान्याच्या रस्त्याला ट्रॉल्या लागल्या की माणूस मळीचा वास घेत तिथंच म्हातारा होतो.

पहिली द्वारका शिरोली एमआयडीसीत. पूल ओलांडला की पंधरा-वीस मिनिटं. चपला नकोत, बूट घाला. सगळीकडं काळी वाळू. लोखंडी भागात जिथं पोकळी हवी, तिथं वितळलेलं लोखंड ओतण्याआधी वाळूचा घट्ट गोळा बसवतात. त्याला कोअर म्हणतात. अशा कोअर करणाऱ्या दहा-बारा बायका एका पत्र्याच्या शेडमध्ये बसल्या होत्या, आणि शेडची मालकीण द्वारका. तीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या शेडात झाडू मारायला लागलेली बाई. आज आजूबाजूच्या फौंड्र्यांतली माणसं साच्याची वाळू मुठीत धरून तिच्याकडं पळत येतात.

आमच्यासमोरच एक शर्टाच्या खिशाला पेन लावलेला साहेब आला. तिनं त्याची वाळू मुठीत दाबली, मूठ उघडली, बोटांचे वळ बघितले, मग तो गोळा मधोमध मोडला.

“पाणी जास्त झालंय, साहेब. वतलंसा तर फुगे येतील.”

“मशीन बरोबर सांगतंय की, मावशी.”

“मग मशीनला इचारा. हिकडं कशाला आलासा?”

साहेब हसत परत गेला. मग तिनं आमच्याकडं बघितलं. “पावणं कुठलं?”

“बावड्याचं. तुमचं नाव द्वारका म्हणून बघायला आलो.”

“नावात काय बघायचं? हात बघा.” तिनं तळवे पुढं केले. रेघांमध्ये काळी वाळू कायमची बसलेली. केतकीनं ते हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

गाडीत मी विचारलं, “मग?”

“बाई भारी आहे, आज्जी. नाव अजून तसंच आहे.”

हायवेनं कागलकडं निघालो. कागलच्या अलीकडं मिसळ खाल्ली, नव्वद रुपये, पाव हवे तेवढे. केतकीला तिखट नको म्हणून कटाशिवाय सांगितलं, तर वाढणारा म्हणाला, “कट न्हाई तर मिसळ कशाला म्हणायचं, ताई?” बरोबर होतं त्याचं. माझ्या वाटीतला कट तिनंच चोरून घेतला. सुनेला हे इथंच वाचून कळेल.

कागलमधून आत वळलं की निढोरीवरून मुरगूड. रस्ता बरा आहे, गतिरोधक मात्र न सांगता येतात. पोटुशी बाई बरोबर असेल तर मागं कुणी कितीही हॉर्न वाजवू दे, सावकाश जा. दोन्हीकडं ऊस आणि मधेच नदी. मुरगूडला बाजाराचा वार आधी विचारून घ्या, नाहीतर आमची दुसरी द्वारका भेटायची नाही.

ही म्हशी बघते. घेणारा माणूस तिला बरोबर घेऊन येतो आणि ती म्हशीभोवती एक चक्कर मारून सांगते, घे किंवा नको. नऊवारीचा काष्टा, तोंडात पान, पायात पुरुषी वहाणा. आम्ही गेलो तेव्हा ती एका काळ्याभोर म्हशीच्या पोटाखाली वाकून शिरा बघत होती.

“दूध हाय. खरं उजवा पाय बांधूनच बसा. ही लाथ मारती.”

विकणारा चिडला. “आक्का, माझी म्हस लेकरागत गरीब हाय!”

“व्हय? मग तुझ्या नडगीला काय झालंय?”

त्यानं धोतर खाली ओढलं आणि सगळा बाजार हसला. केतकी तर गाडीला टेकून हसत होती. तेवढ्यात आक्कांची नजर तिच्यावर गेली. तीही वरून खाली तशीच फिरली, म्हशीवरून फिरली होती तशी.

“पाचवा सरत आला. चालण्यावरनं कळतंय.”

“मलापण म्हशीत धरलं का हो?” केतकी म्हणाली.

“म्हशीला दहा म्हैने लागत्यात, बाळ. तुझं लवकर सुटंल.”

मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, “तुमचं सासरी नाव बदललं न्हाई?”

“बदलाय बसले होते की. तांदळाचं ताट आलं म्होरं. मी हातानं इसकटून टाकलं. म्हणलं, म्हस ह्या दावणीची त्या दावणीला गेली तर तिचं नाव कोण बदलत न्हाई, मग माझंच का?”

“मग सासूबाई?”

“म्हैनाभर बोलल्या न्हाईत. लई बरा गेला त्यो म्हैना.”

सगळे हसले. मीही हसले. पण मनात आलं, एवढंच करायचं होतं? हात फिरवायचा होता फक्त? मी तर छान म्हणाले होते.

केतकीनं विचारलं, “आज्जी, गप्प का झालीस?”

“म्हशी बघत हाय,” मी म्हटलं.

तिसरी द्वारका आता नाही. मुरगूडच्या पुढं तीन-चार किलोमीटरवर नदीकाठी एक गाव आहे, तिथं तिनं स्वतःचं शेत शाळेला दिलं. मूलबाळ नव्हतं. दीर-पुतण्यांनी वर्षभर भांडण केलं, पण ही हटली नाही. गावात “द्वारकाची शाळा” विचारलं की कुणीही सांगतं. सरकारी नाव कुणाला माहीत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारची सुट्टी होती आणि शाळेच्या बाईंनी आम्हाला फाटकातून आत घेतलं. त्या म्हणाल्या, “मी लहान असताना इथंच शिकले. त्या रोज सकाळी फाटकाशी बसायच्या. कोण आलं न्हाई ते त्यांना मास्तरांच्या आधी कळायचं. काठी टेकत घरी जाऊन पोरीला घेऊन यायच्या. मला दोनदा आणलंय, कान धरून.”

फाटकाच्या आत भिंतीत एक काळा दगड बसवलाय. त्यावर चार ओळी कोरलेल्या.

मी केतकीला विचारलं, “ह्यात द्वारका कुठं हाय?”

तिनं माझं बोट धरलं आणि दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला ठेवलं. “इथून इथपर्यंत.”

मी बोट खाचेतून फिरवलं. उन्हानं दगड गरम झाला होता. तीनच अक्षरं. पहिलं सगळ्यात अवघड, एकाच्या पोटात दुसरं बसलेलं. मग दुसरं, मग तिसरं, आणि संपलं. मी पुन्हा पहिल्यापासून फिरवलं. असं दिसतं होय, म्हटलं. अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली आणि मला माहीत नव्हतं की हे असं दिसतं.

किती वेळा फिरवलं ठाऊक नाही. केतकी म्हणाली, “आज्जी, कोण लागत होत्या ह्या तुझ्या?”

“कोण न्हाई.”

“मग रडतीस कशाला?”

“हे माझं नाव हाय.”

तिला आधी कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. तांदळाचं ताट, सुशीला, मावशीआज्जीचा दुपारचा फोन. केतकी कमरेवर हात ठेवून ऐकत होती, आणि झाल्यावर ओरडलीच. “एवढी वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं? कधी सांगायचं नाही?”

“कुणी इचारलंच न्हाई, बाळ.”

शाळेच्या बाईंनी पाणी आणून दिलं, ते तिनंच पिऊन टाकलं. नाक पुसलं आणि गाडीकडं निघाली. मी मागच्या सीटवर जाऊन बसले. तिनं गाडी सुरू केली, आरशात बघितलं आणि म्हणाली,

“द्वारके, बेल्ट लाव.”

मला बेल्टची कडी सापडेना. डोळ्यांत पाणी असल्यावर नाही सापडत.

येताना ट्रॉल्यांच्या मागं तास गेला. केतकीनं मला दोनदा “बाई भारी, नावपण भारी” म्हणून दाखवलं. पैज मी जिंकले होते. घरी जेवायला बसल्यावर तिनं सगळ्यांना सांगून टाकलं. माझा मुलगा, साठीला आलेला माणूस, भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. “आई, तुझं नाव द्वारका?” जणू मी त्याला न सांगता कुठं नोकरी करून आले होते.

पुढं केतकीला मुलगीच झाली. बारशाच्या आदल्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. “ठरलं. द्वारका. आमच्या ह्यांनापण पटवलंय.”

आणि मी म्हटलं, “नको.”

“आता नको? तीन गावं फिरवलीस मला!”

“तिला दिलंस तर सगळं घर तिलाच द्वारका म्हणंल. मी परत सुशीला. ते माझं हाय, केतके. मला पाहिजे.”

ती हसायला लागली. पहिल्या दिवशी हसली होती तसं नाही. दुसऱ्या दिवशी आत्यानं बाळाच्या कानात यादीतलंच एक नाव सांगितलं. अर्थ चांगला आहे म्हणे. मला अजून एका दमात म्हणता येत नाही, पण पोरगी हाक मारली की बघते. आईनं ठेवलेलं आहे, तिचं तिला शोभतं. कुणी पुढं तांदळाचं ताट आणलं तर काय करायचं, ते मी तिला शिकवून ठेवणार आहे.

जाऊन बघावं का, म्हणाल तर जाऊन या. शिरोलीला सकाळी, मुरगूडला बाजाराच्या दिवशी, शाळेला दुपारच्या सुट्टीत. तुमच्या घरातल्या म्हातारीला बरोबर घ्या, आणि निघायच्या आधी तिला तिचं माहेरचं नाव विचारा.

केतकी आता पुन्हा कामावर जाते. माझ्या मोबाइलमध्ये बहिणीच्या फोटोशेजारी तिचा फोटो आहे. दुपारी घर रिकामं झालं, भांडी घासून झाली की तो उजळतो. मी हिरवं बटण दाबते.

“द्वारके, जेवलीस काय?”

“जेवलो,” मी म्हणते. कधी कधी जेवलेली नसते, तरी म्हणते. मग फोन ठेवते आणि ताट वाढून घेते.