परत कधी जाणार?

पुण्याहून आलेल्या मेधा आणि सुनीलला घेऊन क्योतोच्या देवळात गेले. पाहुण्यांना इथे आणायची माझी ही नववी खेप. एका आजोबांनी आपणहून आमचा फोटो काढून दिला. सुनील वाकून म्हणाला, "अरिगातो."

आजोबा खुलले. "वा, किती छान जपानी बोलता!"

मग मी जपानीत त्यांचे आभार मानले. अकरा वर्षं इथेच राहते, मुलगी इथल्याच शाळेत जाते, हेही सांगितलं. ते तितकंच गोड हसले. "तुम्हीही छान बोलता. परत कधी जाणार?"

माझी अकरा वर्षं सुनीलच्या एका शब्दाइतकीच भरली.

"काय म्हणाले गं?" मेधाने विचारलं.

"परत कधी जाणार, म्हणाले."

"किती अगत्याची माणसं!"

पुण्यात तिच्या दारात मी चपला काढत असते, तेव्हा तीही हेच विचारते.