डोमाजींची ट्यूब

केमोच्या खोलीत सलाईन थेंबाथेंबाने पडतं, किस्से मात्र धो धो! भंडाऱ्याच्या आमच्या डे-केअरमध्ये नर्सगिरी करता करता माझ्याकडे पोतंभर साठलेत. त्यातले डोमाजींचे मला फार प्रिय.

डोमाजी पवनीकडचे ढिवर, म्हणजे मासेमार. ट्रकच्या चाकाच्या फुगवलेल्या ट्यूबवर छाती टेकून तलावभर जाळी लावत फिरायचे. डाव्या स्तनाग्रामागे गाठ लागली. त्यांनी दोष दिला ट्यूबच्या वॉल्व्हला आणि ट्यूब उलटी केली. गाठ वाढतच गेली, तेव्हा ट्यूबच बदलली. असं वर्ष गेलं!

ओपीडीत ते बायकोसोबत आले. मी सवयीने सखूबाईंना पडद्याआड नेलं, झोपवलं, ब्लाउजचे हूक काढायला सांगितले. बिचारीने निमूट दोन काढले आणि मग म्हणाली, "मले काही नाही जी. ह्यायले आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुईने तुकडा काढला. रिपोर्ट आला, स्तनाचा कॅन्सर. पुरुषांना क्वचितच होतो, पण होतो, असं डॉक्टरांनी समजावलं. डोमाजींनी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

"गावात सांगू नोका. बायकायचा रोग झाला म्हणतीन."

मग गावात 'छातीत पाणी झालं' अशी बातमी गेली.

ऑपरेशननंतर हात खांद्याच्या वर जाईना. ऑपरेशन झालेल्या पाच बायका भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करायच्या, हे तोंड फिरवून बसायचे. एका दुपारी मात्र उठले, टॉवेल घेतला आणि जाळं फेकतात तसा हळूच उडवला. दुसऱ्या दिवशी पाचही बायका टॉवेल घेऊन उभ्या! हिरव्या पडद्यातून ऊन येत होतं, टॉवेल हवेत उघडत होते. क्षणभर वाटलं, आपण सगळे तलावाच्या तळाशी आहोत आणि इथे कुणाला काही दुखत नाही.

सखूबाई सांगायच्या, जागेपणी अर्धाच उठणारा हात डोळा लागला की जाळं फेकल्यासारखा पुरता वर जातो. "सपनात मासोळी लागली का हासते." औषधाइतकाच माझा त्या स्वप्नावर भरवसा होता.

केमो संपल्यावर डोमाजी तपासणीला आले, ते तलावावरचे सहा ढिवर घेऊन. आदल्या दिवशी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, त्यांनी दोन्ही हात वर करून बनियन काढली होती आणि सगळ्यांना व्रण दाखवला होता.

"सिस्टर, यायले बी पाहून घ्या. नाहीतर गाठ लागली का ट्यूब बदलत बसतीन."

सहाही जण शर्टाची बटणं धरून उभे राहिले. बाकावरच्या बायका सरकल्या आणि त्यांना जागा करून दिली.