पाहुण्याचे तांदूळ

विचुंबे गावच्या वेणू भोपींच्या घरी पूर्वी अकरा माणसं जेवायची आणि भात शिजायचा तेरा जणांचा. दारात आलेला माणूस न जेवता जाऊ नये, ही त्या घराची रीत. कोणी नाही आलं तर उरलेला भात कोंबड्या आणि म्हशी खायच्या. त्यामुळे भात वाया जातो म्हणजे काय, हे वेणूताईंना साठीपर्यंत ठाऊकच नव्हतं.

मग घराच्या जमिनीवर इमारत उभी राहिली. दीर वेगळ्या फ्लॅटमध्ये गेले. तिसऱ्या मजल्यावर उरले वेणूताई, मुलगा प्रणित, सून भाविका आणि नात सई. खाली आता कोंबड्या नाहीत, ओल्या कचऱ्याचा हिरवा डबा आहे. तरी दोन माणसांचा भात रोज जास्तच पडायचा. दुसऱ्या दिवशी तो फोडणीचा व्हायचा, तिसऱ्या दिवशी डब्यात. टाकायला भाविका जायची. वेणूताई तोंड फिरवून बसायच्या.

"आई, कमीच लावू या ना," भाविका म्हणाली.

"नि कोन आला तर? रिकामा टोप दाखवू?"

"पाहुण्याचे तांदूळ वेगळे काढून ठेवू. कोणी आलं की लावायचे."

वेणूताईंना पटलं नाही. पाहुणा आल्यावर तांदूळ धुवायला घ्यायचे, म्हणजे तुझी वाट पाहिली नव्हती असं सांगणंच. पण भाविका माहेरी गेली आणि भात टाकायला त्यांना स्वतः खाली जावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चार मुठी तांदूळ वाटीत काढून ओट्यावर झाकून ठेवले.

आठवड्याने, जेवणं उरकल्यावर, त्यांचा थोरला भाऊ काशीराम दारात उभा.

"वेणू, भूक लागलीय गो. वाढ."

"बस दादा. भात लावते."

"लावते? भोप्यांच्या घरात भात नाय? फ्लॅटमदी येऊन शेटाणी झालीस का?"

वेणूताईंचा चेहरा उतरला. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत त्यांनी भावाकडे पाहिलंही नाही. मग वाफाळता भात वाढला, वर कोलंबीचं कालवण.

तीन-चार घास झाल्यावर काशीराम म्हणाला, "खरं सांगू? इतकी वर्सं येतो, पन तुज्याकडे गरम भात आज पयल्यांदा खातोय."

"मग आदी का नाय बोललास?"

"बोललो असतो तर गार भातपन दिला नसतास."

वेणूताईंना हसू आवरेना. कुकरातला उरलेला सगळा भात त्यांनी त्याच्या ताटात उपडा केला. "घे. आता एक शीत टाकलंस तर बघ."